आईची टोपी धुवायची कशी, आणि ती वॉर्डातून का गेली

लातूरच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या आई सरकारी रुग्णालयातून परिसेविका, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख सिस्टर, म्हणून निवृत्त झाल्या आणि दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या ट्रंकेत तीन टोप्या, एक एप्रन आणि बकलाचा पट्टा सापडला. टोप्या पिवळ्या पडल्या आहेत, पिना होत्या तिथे गंजाचे डाग आहेत. ताईंची मुलगी यंदा बी.एस्सी. नर्सिंगला लागली आणि दीपप्रज्वलनाच्या दिवशी, म्हणजे नव्या विद्यार्थिनी हातात दिवा घेऊन सेवेची शपथ घेतात त्या समारंभात, तिला आजीची टोपी घालायची आहे. कॉलेजने त्या एका दिवसापुरती परवानगी दिली आहे, एरवी तिथे कोणी टोपी घालत नाही. ताईंना तीन गोष्टी हव्या आहेत: टोपी साफ कशी करायची, इतकी मानाची वस्तू बंद का झाली, आणि मुलीच्या नव्या गणवेशाची काळजी कशी घ्यायची.

मी चौतीस वर्षं या कामात होते, अर्धी वॉर्डात आणि अर्धी पाठ्यनिर्देशिका, म्हणजे नर्सिंगची शिक्षिका, म्हणून. टोपी घालून नोकरीला लागले आणि टोपी नसलेल्या मुली शिकवून निवृत्त झाले.

ताई, पहिलं म्हणजे त्या टोप्या मशीनमध्ये टाकू नका आणि ब्लीच तर अजिबात लावू नका. पिवळं कापड दिसलं की हात आधी ब्लीचच्या बाटलीकडे जातो. पण गंजावर ब्लीच पडलं की डाग निघायचा राहतो, उलट पक्का होतो. शिवाय इतक्या जुन्या सुताला ते सोसत नाही.

टोपीच्या कडेला रिबीन शिवलेली असेल. काही नर्सिंग शाळांत ती शिक्षणाचं वर्ष दाखवायची, काही ठिकाणी हुद्दा. रंग आणि संख्या प्रत्येक संस्थेची आपापली, म्हणून रिबीन बघून आई कुठे शिकल्या हे त्यांच्या बरोबरीच्या सिस्टर चटकन सांगतील. एखादी भेटली तर जरूर विचारा. रिबीन धुण्याआधी उसवून ठेवा. जुनी मखमल ओली झाली की रंग सोडते आणि तो पांढऱ्यावर बसला की जात नाही. उसवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा: पुढून, मागून, घडी उलगडून. टोपीची घडी ही तिची ओळख असते आणि एकदा सपाट झाली की परत तशीच घालणं नवख्याला जमत नाही.

मग नुसत्या पाण्यात भिजत घाला. परातीत पसरून, साबण न घालता. अर्ध्या तासात पाणी चहासारखं होईल. घाबरू नका, ती जुनी खळ सुटते आहे. टोपीचा पिवळेपणा बराचसा तिच्यातल्या खळीचा असतो. पाणी चार-पाच वेळा बदला. टोपी उचलताना चिमटीत धरू नका, खाली हात घालून तळहातावर घ्या. पिळायची नाही.

आता गंज. हा आधी काढायचा, पांढरं करणं नंतर. हा क्रम चुकवू नका. डागावर लिंबाचा रस आणि थोडं मीठ लावा आणि तासभर उन्हात ठेवा. वाळत आलं तर पुन्हा रस टाका. मग भरपूर पाण्याने धुवा. दोन-तीनदा करावं लागेल. क्रम यासाठी की कापडात लोखंडाचा कण राहिला आणि वरून हायड्रोजन पेरॉक्साइड पडलं, तर त्या कणाभोवती पेरॉक्साइड फार जोरात काम करतं आणि नेमकं तिथेच सूत खाऊन टाकतं. डाग जातो आणि भोक राहतं. माझ्याकडून एका विद्यार्थिनीच्या आईचा एप्रन असाच गेला. तिने फार विश्वासाने दिला होता. अजून रुखरुख आहे.

गंज पूर्ण गेला की औषधाच्या दुकानात मिळणारं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या, त्यात तितकंच पाणी मिसळा आणि टोपी त्यात तास-दोन तास बुडवून ठेवा. मग साध्या सौम्य साबणाने धुवा आणि साबणाचा अंश राहणार नाही इतक्या पाण्यांतून काढा. शेवटच्या पाण्यात नीळ. नीळ थेट पाण्यात टाकू नका, फडक्याच्या पुरचुंडीत बांधून पाण्यात फिरवा आणि ओंजळीतलं पाणी जेमतेम आभाळी दिसलं की थांबा. पाणी ढवळून मगच टोपी घालायची आणि लगेच काढायची. बुडाला बसलेल्या निळीवर कापड टेकलं की पट्टे उमटतात.

आता खळ. बाजारात तयार खळ मिळते आणि साडीला ती छान. टोपीला मात्र आम्ही साबुदाण्याची करायचो. पाव वाटी साबुदाणा तासभर भिजवायचा, तीन वाट्या पाण्यात मंद आचेवर शिजवायचा, दाणा काचेसारखा झाला की उतरवायचा आणि मलमलच्या फडक्यातून गाळायचा. गाळण्यात कुचराई केली तर इस्त्रीखाली गुठळ्या चकाकतात. कोमट असताना टोपी त्यात बुडवायची, दोन्ही तळव्यांमध्ये दाबून खळ आरपार भरायची आणि जास्तीची निपटून काढायची.

यापुढची युक्ती कुठल्याच पुस्तकात मला सापडली नाही. हॉस्टेलमधल्या थोरल्या मुलींनी शिकवली. टोपी दोरीवर वाळत घालायची नाही. खळीत भिजलेली ओली टोपी काचेवर चिकटवायची. आमच्या खोलीत लोखंडी कपाटाच्या दाराला लांब आरसा होता. रात्री पाळीवरून आलं की आधी तो पुसायचा. टोपीचं कापड वरच्या कडेपासून टेकवायचं आणि तळहाताने मधून बाहेर सारत जायचं, म्हणजे हवेचा फुगा राहत नाही आणि कड सरळ बसते. सकाळी एका कोपऱ्यात नख घालून ओढलं की टोपी पापडासारखी सुटून हातात यायची. काचेकडची बाजू अशी गुळगुळीत की इस्त्रीची गरजच नाही. एका आरशात चौघींच्या टोप्या मावायच्या, आणि केस विंचरायचे तर खिडकीच्या काचेत बघून. पावसाळ्यात दोन रात्री लागायच्या, आणि एवढं करून फाटकापर्यंत जाईतो टोपीचे कान पडायचे. आर्द्र हवेत खळ पाणी ओढते, तिला इलाज नाही. त्या पडलेल्या कानांसाठी मी वॉर्डाबाहेर उभी राहिले आहे, आत माझे दोन पेशंट सलाइनवर असताना. तेव्हा मान खाली घातली. आज वाटतं की ती शिक्षा चुकीची होती, कारण त्या वेळात माझी जागा पेशंटजवळ होती.

तुमच्याकडे आरसा नसेल तर गुळगुळीत फरशी, फ्रिजचं दार, काचेचं टेबल, काहीही चालेल. आधी स्वच्छ पुसून घ्या, एवढंच.

घडी घालताना फोटो समोर ठेवा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चालणारी पद्धत सांगते: पुढची सरळ कड चार बोटं मागे दुमडायची, तो कपाळावरचा पट्टा. पट्ट्याची दोन टोकं मागे एकावर एक आणून पिनेने किंवा काज-बटणाने जोडायची आणि वरचं लोंबतं कापड त्या जोडात खोचायचं. तुमच्या आईंची पद्धत वेगळी असेल तर तीच खरी. जुन्या दुमडीच्या खुणा कापडावर पुसट का होईना दिसतात, त्यांच्यावरून चला.

आता दुसरा प्रश्न, टोपी बंद का झाली. त्याआधी ती आली कुठून ते सांगते.

जर्मनीत कायझर्सवर्थला रुग्णसेवा करणाऱ्या धर्मसेविकांची संस्था होती. त्या पांढरी, झालरीची, हनुवटीखाली बांधायची टोपी घालत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५१ मध्ये तिथे शिकायला राहिल्या. पुढे १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची प्रशिक्षण शाळा सुरू झाली. त्या काळी घराबाहेर पडणाऱ्या सभ्य बाईने डोकं झाकणं हा रिवाजच होता, आणि केस आवरलेले राहणं हे कामाच्या सोयीचं. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात १८७६ मध्ये युफेमिया व्हान रेन्सेलर या विद्यार्थिनीने गणवेश आणला, त्यातही टोपी होतीच. टोपीचा अर्थ असा होता: ही बाई शिकलेली आहे, तिच्या हाती आपला माणूस सोपवायला हरकत नाही. परिचारिकेच्या कामाला आधी प्रतिष्ठा नव्हती, ती मिळवून देण्यात या गणवेशाचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे मिशन रुग्णालयांतून, म्हणजे मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयासारख्या ठिकाणांतून, आणि सरकारी रुग्णालयांतून नर्सिंगचं शिक्षण रुजलं, तशी टोपीही रुजली. ज्या घरांतून मुलीला दुसऱ्याचं मलमूत्र काढायला पाठवणं कमीपणाचं मानत, त्याच घरांत टोपीतला फोटो भिंतीवर लागला. माझ्या वडिलांनी माझा लावला होता.

म्हणून टोपी गेली तेव्हा आमच्या पिढीला वाईट वाटलं. तरीही ती गेली ते योग्यच झालं, असं मी मनापासून सांगते.

एक रात्र सांगते. स्त्री शस्त्रक्रिया वॉर्डात मी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालायला वाकले. ट्रे उघडलेला, ग्लोव्ह्ज चढवलेले. पिन सैल झाली होती. टोपी कपाळावरून घसरली आणि थेट निर्जंतुक ट्रेमध्ये पडली. दुसरा सेट ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, होता. त्या बाईंचं पोट फुगून तट्ट झालेलं, त्या कळवळत होत्या आणि सेट येईपर्यंत वीस मिनिटं मी त्यांचा हात धरून उभी होते. टोपी सलाइनच्या स्टँडला अडकायची, मच्छरदाणीच्या दोरीला अडकायची, ऑक्सिजनची नळी जोडायला पलंगामागे डोकं घातलं की कठड्याला लागायची. सावरायला हात वर जायचा आणि तोच हात पुन्हा ड्रेसिंगला. मोठी अडचण मात्र दिसत नव्हती. खळ जाईल म्हणून आम्ही टोपी रोज धुवत नव्हतो. एप्रन रोज बदलायचा, टोपी मात्र आठवडाभर चालवायची. जे सगळ्यात शुभ्र दिसत होतं तेच सगळ्यात कमी धुतलेलं होतं. आणि केस झाकायचं तिचं मूळ कामही उरलं नव्हतं, कारण टोपी नुसती अंबाड्यावर टेकलेली असायची.

आणखी एक कारण आहे. मुलगे नर्सिंगला येऊ लागले. ब्रदरना टोपी नव्हतीच. एकाच वर्गातल्या निम्म्यांच्या डोक्यावर मानचिन्ह आणि निम्म्यांच्या नाही, हे कसं पटावं? पाश्चात्त्य देशांत सत्तर-ऐंशीच्या दशकांपासून टोपी सुटत गेली, आपल्याकडे हळूहळू, रुग्णालयागणिक वेगवेगळ्या वेळी. कुठे अजून दीपप्रज्वलनापुरती आहे, तशी असू द्यावी.

साडीचंही तेच. पांढऱ्या साडीतल्या परिसेविका वॉर्डात शिरल्या की आवाज आपोआप खाली यायचा, ते मी अनुभवलं आहे. पण छाती दाबून हृदय चालू करायची वेळ येते तेव्हा पलंगावर गुडघा टेकवून चढावं लागतं. साडीत ते करून बघितलेल्या बाईला सलवार-कुडता किंवा शर्ट-पँट का हवी ते विचारावं लागत नाही. २०२० च्या कोविडमध्ये पीपीई किटखाली स्क्रब, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधले सैल सदरा-पायजमा, घालायची सवय लागली, ती अनेक ठिकाणी राहिली. ऑपरेशन थिएटरमधला हिरवा-निळा रंग मात्र त्याच्या कितीतरी आधीचा. तीव्र प्रकाशात तासन्‌तास लाल रंगाकडे बघून वर पाहिलं तर पांढऱ्या कापडावर हिरवट ठिपके दिसतात. कापडच हिरवं असलं की डोळ्याला त्रास होत नाही.

आता लेकीचा गणवेश. इथे मला सर्वात जास्त सांगायचं आहे, कारण रोजच्या पेशंटला याचाच फरक पडतो.

कॉलेजने कापड निवडायची मोकळीक दिली असेल तर टेरीकॉट घ्या, पण सुताचा अंश जास्त असलेलं. खिसे शिंप्याकडून नीट करून घ्या: एक पेन-टॉर्चचा, एक कात्रीचा आणि एक खोल, वहीचा. खिसे उथळ असले की वाकताना कात्री पेशंटवर पडते. बाही कोपराच्या वर. इंग्लंडच्या आरोग्य खात्याने २००७ मध्ये कोपराखाली काही नको असा नियम मांडला: लांब बाही नाही, घड्याळ नाही, बांगड्या नाहीत. कारण हात कोपरापर्यंत धुता आला पाहिजे आणि मनगटावर काही असलं की त्याखालची जागा धुतली जात नाही. घड्याळ छातीवर पिनेने लावायचं मिळतं, तेच घ्या.

बांगड्यांवरून आपल्या घरांत वाद होतात, हे मला माहीत आहे. लग्नानंतर सासूबाईंनी भरलेला हिरवा चुडा काढून ठेवताना रडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांच्या घरी जाऊन मी स्वतः बोलले आहे. एवढंच सांगायचे की ड्यूटीला जाताना बांगड्या देवापुढे ठेवाव्यात आणि घरी आल्यावर भराव्यात. ऐकलं नाही असं एकही घर निघालं नाही. मंगळसूत्र आखूड आणि गळ्याच्या आत. अंगठी नको, तिच्याखाली ओल राहते आणि जंतू टिकतात.

गणवेश घालून बसने जायचं नाही आणि त्याच कपड्यांत स्वयंपाकघरात शिरायचं नाही. रुग्णालयात बदलायची सोय नसेल तर मागून घ्यावी. मुलींनी एकत्र अर्ज दिला की खोली मिळते, मी दोन ठिकाणी मिळवून दिली आहे. वापरलेला गणवेश वेगळ्या कापडी पिशवीत, पिशवीसकट धुवायचा, घरच्या कपड्यांत मिसळायचा नाही. मशीनला तापमानाची सोय असेल तर ६० अंशांवर धुवा. त्या तापमानाला दहा मिनिटांत बहुतेक सगळे जंतू जातात. मशीन भरगच्च भरू नका, कापडाला हलायला जागा लागते. मशीन नसेल तर गरम पाण्यात साबणाने भिजवून चोळा, कडक उन्हात पूर्ण वाळवा आणि गरम इस्त्री फिरवा. ओलसर गणवेश घालून कधीही जायचं नाही. रोज धुतलेला हवा, म्हणजे किमान तीन जोड लागतात. केंद्र सरकारी सेवेत परिचारिकांना गणवेशासाठी दरमहा भत्ता मिळतो, जुलै २०१७ मध्ये तो १८०० रुपये ठरला होता, पण तो नोकरी लागल्यावर. विद्यार्थिदशेत मात्र खर्च घरचाच, त्यामुळे कापड टिकाऊ घ्या.

डागांचं सांगते, कारण पहिल्याच महिन्यात ती रडत फोन करेल. रक्ताला थंड पाणी. गरम पाण्याने रक्तातलं प्रथिन शिजतं आणि धाग्याला धरून बसतं. ताजं असेल तर थंड पाण्याखाली चोळलं की जातं, राहिलंच तर पेरॉक्साइडचे थेंब. बॉलपेनच्या शाईला आणि जेन्शन व्हायोलेटला, म्हणजे जखमेला लावायच्या जांभळ्या औषधाला, स्पिरिटचा बोळा, खाली जुनं फडकं घेऊन. बेटाडिनचा डाग खळीच्या कपड्यावर पडला तर तपकिरी न दिसता एकदम काळानिळा होतो. बेटाडिनमधलं आयोडीन आणि खळ एकत्र आले की हाच रंग येतो. व्हिटॅमिन सीची गोळी पाण्यात चुरगळून लावा, डोळ्यांदेखत पांढरं होतं. पोटॅशियम परमँगनेटच्या तपकिरी डागालाही तीच गोळी.

एक डाग मात्र असा आहे की तो आपणच तयार करतो. आजकाल हात धुवायच्या बऱ्याच द्रावणांत क्लोरहेक्सिडीन नावाचं जंतुनाशक असतं. ते गणवेशावर सांडतं तेव्हा दिसतच नाही. घरी आपण पांढरं करायला क्लोरीनचं ब्लीच घालतो आणि वाळल्यावर बाहीवर, पोटावर तपकिरी चट्टे दिसतात. लोकांना वाटतं रक्त राहिलं, म्हणून ते आणखी ब्लीच घालतात आणि चट्टे आणखी गडद होतात. ते निघत नाहीत. पांढऱ्या गणवेशाला ऑक्सिजन ब्लीचची पावडर वापरा, क्लोरीनचं ब्लीच घरात ठेवूच नका. आणि ब्लीचमध्ये लिंबू, व्हिनेगर किंवा संडास धुवायचं ॲसिड कधीही मिसळायचं नाही. त्यातून विषारी वायू निघतो.

राहिल्या आईंच्या वस्तू. तिन्ही टोप्यांना खळ घालू नका. समारंभासाठी एकच करा. बाकीच्या दोन खळ न घालता, धुऊन, पूर्ण वाळवून ठेवा. खळ म्हणजे शेवटी अन्नच, ट्रंकेत ठेवलं की कसर आणि झुरळं त्याच्यावरच येतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, धुतलेल्या मलमलमध्ये सैल गुंडाळा. डांबरगोळी ठेवलीच तर कापडाला लागू देऊ नका. एकही पिन आत राहू देऊ नका. पट्ट्याचं बकल चांदीचं असेल तर रांगोळीने घासू नका, ओरखडे पडतात. मऊ फडक्याने पुसा आणि टोप्यांपासून वेगळं ठेवा.

समारंभाच्या सकाळी लेकीच्या केसांना तेल नको, आदल्या दिवशी न्हाऊ घाला. अंबाडा मानेच्या थोडा वर बांधा. टोपी डोक्याच्या मधोमध, कपाळापासून तीन बोटं मागे टेकवा आणि दोन पांढऱ्या पिना, एकेका बाजूने एक, अशा लावा की टोक अंबाड्याच्या दिशेने जाईल. तिला दोनदा वाकायला सांगा, एकदा पुढे आणि एकदा बाजूला, कारण दिवा हातात घेऊन ती वाकणार आहे. टोपी हलली नाही की झालं. घरी आल्यावर त्याच संध्याकाळी पिना काढा, खळ धुऊन टाका आणि तिसरी टोपीही त्या दोघींच्या शेजारी ठेवा.